मोटार सगळ्यांची सारखी: आरसी गाड्यांची परवडणारी शर्यत, पहिल्यापासून

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीच्या शर्यतीत पैसा सगळ्यात आधी मोटारीत जिरतो. एकाने जास्त पळणारी मोटार आणली की दुसरा तिच्याहून तेज आणतो, मग त्या मोटारीला पुरेल अशी बॅटरी, ती सोसेल असा ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र), आणि इतकं सगळं झाल्यावर मोडलेले गिअर. चार महिन्यांत दहा जणांचे तिघं उरतात, आणि तेही शर्यत न लावता एकमेकांना गाड्या दाखवत बसतात. यावर जगभरच्या क्लबांनी काढलेला तोडगा साधा आहे: मोटार ठरवून टाकायची. सगळ्यांना एकच, तीही हळू. बैलगाडा शर्यतीत आदतचं, म्हणजे अजून दात न लागलेल्या कोवळ्या बैलांचं मैदान वेगळं आणि ओपनचं वेगळं असतं ना, तसा हा आपला आदतचा गट.

छत्रपती संभाजीनगर असो, जालना असो की लातूर, चार-पाच जण जमले तर असा गट सुरू करता येतो. खाली त्याचा क्रम दिला आहे. क्रम मोडू नका, विशेषतः पहिल्या दोन पायऱ्यांचा.

पायरी १: खरेदीच्या आधी गट

आधी माणसं जमवा, नियम ठरवा, मग गाडी घ्या. उलटं केलं तर प्रत्येकाकडे वेगळी गाडी येते आणि नियम त्या गाड्यांना बसतील असे ओढूनताणून करावे लागतात. वाळूजला किंवा शेंद्र्याला कंपनीत जाणारा एखादा फिटर, इंजिनिअरिंग कॉलेजची दोन पोरं आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला एक जण एवढी टोळी मिळाली तर फारच छान. सोल्डरिंग येणारा माणूस तर पाहिजेच. त्याला चहा पाजत राहा.

ऑनलाइन शोधताना ‘३६५०, ३९०० केव्ही’ असं लिहिलेला ब्रशलेस (आत घासणारे कार्बन ब्रश नसलेल्या) मोटार-ईएससीचा जोड स्वस्तात दिसेल आणि हात शिवशिवतील. ३६५० म्हणजे ३६ मिलिमीटर व्यास, ५० मिलिमीटर लांबी. केव्ही म्हणजे भार नसताना एका व्होल्टला किती फेरे. ३९०० ला बॅटरीच्या ७.४ व्होल्टने गुणा, जवळपास २९ हजार फेरे मिनिटाला. नवशिक्याच्या हातात ही गाडी पहिल्याच कठड्यात जाते. तो जोड आपल्या गटाचा नाही.

पायरी २: कोणती मोटार

आपल्याकडे पाच एचपीची मोटार जळाली की वाइंडिंगवाल्याकडे नेतात, त्यामुळे तारेचे वेढे म्हणजे काय हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. आरसीत त्याच वेढ्यांना ‘टर्न’ म्हणतात. टर्न कमी आणि तार जाड, तर करंट जास्त, फेरे जास्त, गरमीही जास्त. टर्न वाढवले की मोटार शांत होते. म्हणून ‘२१.५ टर्न’ हा आकडा ‘१३.५’ पेक्षा मोठा असूनही मोटार हळू असते. नवीन माणूस इथे हमखास उलटं समजतो.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत.

पहिला, ब्रशवाली ५४० मोटार, जिला सगळे ‘सिल्व्हर कॅन’ म्हणतात. साधारण २७ टर्नची, पत्र्याचा डबा बंद, उघडून ब्रश बदलायची सोय नाही. नेमकं हेच तिचं मोठेपण. पूर्वी स्टॉक गटात, म्हणजे ठरवून दिलेल्या मोटारीच्या गटात, उघडता येणाऱ्या २७ टर्नच्या मोटारी चालत, तेव्हा हौशी मंडळी कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) लेथवर घासून घेत, ब्रश आणि स्प्रिंगा बदलत. मोटार ‘स्टॉक’, पण तिच्यामागे अर्धं वर्कशॉप. बंद डब्यात हे चालत नाही. तिची खोड एवढीच की दोन डबे तंतोतंत सारखे पळत नाहीत. पैसेवाला माणूस पाच-सहा विकत घेतो, सगळ्या पळवून बघतो आणि त्यातली चांगली लावतो. त्यावरचा उपाय पाचव्या पायरीत आहे.

दुसरा रस्ता म्हणजे सेन्सरवाली ब्रशलेस, २१.५ टर्न. आतला फिरणारा भाग, म्हणजे रोटर, कुठे आहे ते सेन्सर ईएससीला सांगतो. हॉबीविंग कंपनीच्या जस्टॉक मालिकेसारख्या, टायमिंग (कॉइलला करंट द्यायची वेळ) पक्कं केलेल्या मोटारी यासाठीच निघाल्या आहेत. केव्ही साधारण १८०० च्या आसपास, म्हणजे ७.४ व्होल्टवर तेरा हजारांच्या थोडे वर फेरे. ब्रश झिजत नाहीत आणि दोन मोटारींमधला फरक कमी. पण ईएससी त्याच जातीचा, सेन्सर वायर लागणारा घ्यावा लागतो आणि सुरुवातीचा खर्च वाढतो.

ब्रशलेस घेतलीत तर ‘ब्लिंकी’ हा शब्द पाठ करा. रोटर जिथे आहे त्याच्या थोडं आधीच कॉइलला करंट दिला, म्हणजे टायमिंग पुढे ओढलं, की फेरे वाढतात. काही ईएससी हे सॉफ्टवेअरने करू लागले, त्याला बूस्ट आणि टर्बो अशी नावं आली, आणि १७.५ ची ‘स्टॉक’ मोटार तिच्याहून किती तरी कमी टर्नच्या मोटारीसारखी पळायला लागली. मग नियम आला की ईएससीचं टायमिंग शून्य हवं, आणि ते शून्य आहे हे दाखवायला त्यावरचा दिवा लुकलुकत राहायला हवा. अमेरिकेतली ‘रोअर’ ही संस्था १९६७ पासून आरसीचे नियम करते. तिच्या स्टॉक गटांत हाच लुकलुकणारा दिवा बघतात. स्विच चालू करा, दिवा बघा, पुढची गाडी.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष सिल्व्हर कॅन. ब्रशलेसच्या बाजूने बोलणारे पुष्कळ भेटतील आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, पण किटबरोबर जी मोटार आणि ईएससी येतात त्यावरच शर्यत लागत असेल तर नव्या पोराच्या घरी परवानगी लवकर मिळते.

पायरी ३: गाडी आणि बाकीचं सामान

तामिया कंपनीची टीटी-०२ ही चेसिस (गाडीचा सांगाडा) २०१३ मध्ये आली आणि अशा गटांसाठी ती अजूनही सोयीची आहे: १/१० मापाची, चारही चाकांना ओढ, शाफ्टवर चालणारी, सुटे भाग मिळणारे. किट स्वतः जोडायचं असतं. जोडलेली तयार गाडी घेऊ नका. जी गाडी तुम्ही जोडली नाही ती मैदानावर मोडली की दुरुस्त करता येत नाही. बऱ्याच किटमध्ये मोटार आणि ईएससी असतो, पण रिमोट, रिसीव्हर, सर्वो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटार), बॅटरी, चार्जर आणि बॉडीचा रंग वेगळा घ्यावा लागतो. डब्यावरची किंमत बघून हिशेब केलेला माणूस इथे गडबडतो. बजेट काढताना किटची किंमत निम्मी धरा, बाकीची निम्मी या सामानाला.

काही किटमध्ये सिल्व्हर कॅनऐवजी टॉर्क-ट्यून्ड मोटार येते. म्हणून नियमात ‘किटमधली मोटार’ असं मोघम लिहू नका, मोटारीचं नाव लिहा.

पहिली सुधारणा बेअरिंगची. किटमध्ये प्लॅस्टिकचे बुश येतात, आणि आपली काळ्या मातीची धूळ त्यात गेली की ती घासणीचं काम करते; थोड्याच दिवसांत चाकं डुगडुगायला लागतात. ११ बाय ५ मिलिमीटरच्या, दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या बॉल बेअरिंगचा पूर्ण संच घ्या आणि गाडी जोडतानाच बसवा. नंतर बसवायला सगळी गाडी पुन्हा उघडावी लागते. नियमातही बेअरिंगला मुभा ठेवा. बाकी ॲल्युमिनियमचे निळे-लाल चकचकीत भाग पहिल्या वर्षी बंदच ठेवा, ते शोभेचे जास्त असतात.

बॉडी पॉलिकार्बोनेटची, पारदर्शक असते. रंग आतून मारायचा. पॉलिकार्बोनेटसाठीचाच स्प्रे घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्प्रे वाकवल्यावर पापुद्र्यासारखा सुटतो.

सर्वो साध्या मापाचा, जमलं तर धातूच्या गिअरचा. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा, पिस्तुलासारखा. त्यात स्टिअरिंग किती वळावं आणि थ्रॉटल किती उघडावा हे कमी-जास्त करायची सोय आहे ना, एवढं बघा.

पायरी ४: बॅटरी

दोन सेलची, कडक कवचाची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी): ७.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ८.४. चार्जर बॅलन्स करणाराच हवा. बॅटरीवर जेवढे मिलिॲम्पिअर-अवर लिहिले असतील तेवढ्याच करंटने भरा, ४००० असेल तर ४ ॲम्पिअर; घाई करू नका. एक सेल ४.२ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि ३.२ च्या खाली उतरू द्यायचा नाही. आठवडाभर वापर नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. बहुतेक चार्जरमध्ये त्यासाठी ‘स्टोरेज’ असा पर्याय असतो.

फुगलेली बॅटरी पुन्हा भरायची नाही, एकदाच सुद्धा नाही. लिपो पेटली तर मोठा जाळ होतो. चार्जिंग चालू असताना माणूस जवळ हवा, बॅटरी सिमेंटच्या फरशीवर किंवा लिपोच्या पिशवीत हवी, आणि बाजूला वाळूने भरलेली बादली. एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपार असताना, उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत बॅटरी ठेवून चहाला जाणारे महाभाग आहेत. असं करू नका.

लाइटचा भरवसा नाही म्हणून चार्जर १२ व्होल्टवरही चालणारा घ्या. मग ट्रॅक्टरच्या किंवा कारच्या बॅटरीवर मैदानातच काम होतं.

पायरी ५: एका पानाचे नियम

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. नियम लिहिताना कसोटी एकच: मैदानावर, साध्या हत्याराने, दोन मिनिटांत तपासता येतो का? येत नसेल तर तो नियम लिहू नका, कारण न तपासता येणारा नियम फक्त सरळ माणसाला लागू होतो.

मोटार: एकच नाव, एकच मॉडेल. सगळ्या मोटारी गटाने एकत्र मागवायच्या आणि शर्यतीच्या सकाळी चिठ्ठी टाकून वाटायच्या. संध्याकाळी मोटारी परत पेटीत. पेटी अशा माणसाकडे ठेवायची ज्याची स्वतःची गाडी नाही. याला बाहेर ‘हँडआउट’ म्हणतात आणि चांगल्या मोटारी निवडून ठेवण्याचा खेळ याने संपतो. दर वेळी पेटी सांभाळणं जमत नसेल तर दावा-नियम लावा: जिंकलेल्याची मोटार, त्या शर्यतीत पळालेला कुणीही ठरलेल्या किमतीला मागू शकतो आणि ती द्यावीच लागते. खास निवडलेली मोटार कोण आणून लावेल मग? घोड्यांच्या शर्यतीत आणि अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवर असले नियम आहेत.

ब्रशलेस असेल तर मोटारीच्या मागच्या झाकणाच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. स्क्रू फिरला की ठिपका तडकतो, लपत नाही. रंग दर महिन्याला बदला आणि बाटली पेटीतच ठेवा.

गिअर: पिनियनचे (मोटारीच्या दांड्यावरच्या छोट्या गिअरचे) दात ठरवून टाका. इथे जरा हिशेब बघू. टीटी-०२ चा स्पर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) ७० दातांचा, किटमधला पिनियन २२ चा, आणि त्यापुढच्या आतल्या गिअरांचं गुणोत्तर २.६. सत्तर भागिले बावीस, ३.१८, त्याला २.६ ने गुणलं की ८.२७. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटारीचे ८.२७ फेरे. कुणी २५ दातांचा पिनियन लावला तर हाच आकडा ७.२८ वर येतो. तेवढ्याच मोटारीवर लांब सरळीत गाडी तेरा-चौदा टक्के जास्त पळायला बघते, आणि तेवढीच तापते. ‘फक्त तीनच दात जास्त आहेत’ असं म्हणणारा माणूस प्रत्येक गटात निघतो. त्याला हा हिशेब दाखवा. तपासणी सोपी आहे, पिनियनवर एका दाताला मार्करने खूण करून मोजायचं.

बॅटरी: शर्यतीच्या आधी मल्टिमीटर लावायचा, ८.४० च्या वर दिसली तर गाडी लाइनीत नाही.

टायर: एकच प्रकार, आणि एका मोसमात किती जोड वापरायचे यालाही मर्यादा घाला. काँक्रीटवर रबर झपाट्याने झिजतं. मोटार बांधून ठेवली की हौशी माणसाचा पैसा टायरकडे वळतो, म्हणून हे दार आधीच लावलेलं बरं.

वजन: सगळ्या गाड्या बॅटरीसह किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. त्यातली सगळ्यात जड गाडी जितकी भरेल त्याच्या जवळपासचं किमान वजन ठरवा, हलक्यांना शिशाची किंवा लोखंडाची पट्टी चिकटवा. पट्टी काढून हलकं व्हायला कुणी बघेलच, म्हणून शर्यत संपल्यावर पहिल्या तिघांचं वजन पुन्हा.

बस, एवढंच. पान उलटायला लागलं तर नियम जास्त झाले.

पायरी ६: जागा

काळ्या मातीत ट्रॅक करायचा मोह टाळा. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती चाकाला चिकटून गाडीचा गोळा करते, आणि मधल्या दिवसांत धूळ मोटारीच्या भोकांतून आत जाते. काँक्रीट बघा. मोंढ्यातला ओटा किंवा लिलावाचं पटांगण उत्तम: सपाट, मोठं, लिलाव बंद असलेल्या दिवशी मोकळं. बाजार समितीला रीतसर अर्ज द्या, झाडून परत देऊ असं लिहा आणि खरंच झाडून द्या. सोयाबीनची आवक सुरू झाली की जागा मिळणार नाही, हे धरून मोसम आखा. शाळेचं बास्केटबॉलचं मैदान हा दुसरा पर्याय. शहाबादी फरशी टाळा, सांध्यात चाक अडकून गाडी उडते. सार्वजनिक रस्त्यावर तर अजिबात नाही. मोटारसायकलवाल्याला एवढीशी गाडी दिसत नाही.

ट्रॅकच्या कडेला ठिबकची जुनी १६ मिलिमीटरची लॅटरल टाका. शेतातून काढून ठेवलेली गुंडाळी कुणाकडे तरी असतेच. गाडी तिला घासून जाते, मोडत नाही, आणि वळण बदलायचं असेल तर हाताने ओढून नवा आकार देता येतो. मधेमधे वाळूच्या छोट्या पिशव्यांनी दाबा. वाट निदान तीन गाड्या शेजारी मावतील एवढी रुंद ठेवा.

चालकांना उंचावर उभं राहायला हवं, नाहीतर पलीकडचं वळण दिसत नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली आणून लावली की झालं, फाळका बंद करून, चाकांना दगड लावून.

पायरी ७: गाडी मैदानावर आणण्याआधी

पिनियन आणि स्पर एकाच मोड्यूलचे (दाताच्या मापाचे) आहेत ना बघा. टीटी-०२ ला ०.६ मोड्यूल लागतो. ४८ पिचचा पिनियन वरून तसाच दिसतो आणि स्परचे दात एका दिवसात खातो. या चेसिसमध्ये मोटारीची जागा ठरलेली असल्याने दातांचं अंतर आपोआप जुळतं. ज्या गाडीत मोटार खाचेत सरकते तिथे वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरमध्ये घालून फिरवा, मोटार दाबून स्क्रू कसा, पट्टी उलट फिरवून काढा. पट्टीवर नालीदार पत्र्यासारख्या घड्या पडल्या पण ती फाटली नाही, म्हणजे बरोबर. फाटली तर घट्ट आहे, घड्या अर्धवट असतील तर सैल.

मग रिकाम्या मैदानात दोन बाटल्या ठेवा आणि आठच्या आकड्यात फिरवा. गाडी तुमच्याकडे तोंड करून येते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, सगळे तिथेच अडखळतात. थ्रॉटल रिमोटवरून साठ टक्क्यांवर बांधा. दोन्ही बाजूंनी सलग आठ काढता आले की मगच सोडा.

पाच मिनिटं पळवून लगेच मोटारीच्या डब्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. सत्तर अंशांच्या आत असेल तर ठीक. ऐंशीकडे जात असेल तर थांबा: ब्रशलेसमधलं चुंबक उष्णतेने कमजोर होतं आणि थंड झाल्यावर पूर्ण परत येत नाही. मेमध्ये हवाच बेचाळीस असते, तेव्हा शर्यत सकाळी दहाच्या आत आटपा, नाहीतर सगळ्यांचा पिनियन एका दाताने लहान करा. सगळ्यांचा.

पायरी ८: शर्यतीचा दिवस

सकाळी सराव, मग पाच-पाच मिनिटांच्या हीट, म्हणजे फायनलआधीच्या छोट्या शर्यती. एका हीटमध्ये सहाच्या वर गाड्या नकोत. हीटमध्ये पाच मिनिटांत किती फेऱ्या आणि शेवटची फेरी कितव्या सेकंदाला पूर्ण झाली, यावर क्रम. वरचे सहा ए-फायनलमध्ये, पुढचे बी-फायनलमध्ये. फेऱ्या मोजणाऱ्या ट्रान्सपाँडरच्या यंत्रणा चांगल्या असतात पण महाग. सुरुवातीला वही, स्टॉपवॉच आणि दोन गाड्यांमागे एक मोजणारा माणूस पुरतो. मोजणाऱ्याने गाडीचं नाव मोठ्याने म्हणत रेघ मारायची, म्हणजे वाद होत नाही.

तुमची हीट संपली की पुढच्या हीटला तुम्ही मार्शल. हा नियम जगभर आहे आणि याला सूट नाही. उलटलेली गाडी सरळ करून वाटेवर ठेवायची, दुरुस्ती करायची नाही, आणि दुसरी गाडी येत असताना ट्रॅकमध्ये उडी मारायची नाही. एक फेरी मागे असाल तर स्वतःची रेघ धरून चाला, पुढच्याला कुठून जायचं ते त्याला कळतं. अचानक बाजूला व्हायला गेलात की दोघंही कठड्यात.

वहीत प्रत्येकाची सगळ्यात जलद फेरी आणि सरासरी फेरी शेजारी शेजारी लिहा. नव्या माणसाची जलद फेरी बऱ्याचदा जिंकणाऱ्याच्या जवळ असते, सरासरी मात्र दोन-तीन सेकंदांनी मागे. ही तूट मोटार बदलून भरत नाही. १७.५ टर्नचा वरचा गट कधी काढायचा हे या दोन आकड्यांवरून ठरवा: निदान पाच जणांची सरासरी त्यांच्या जलद फेरीच्या अर्ध्या सेकंदात आली की बोला. घाई नसेल तर हळूच्या गटातही वैविध्य आणता येतं. अमेरिकेत व्हिंटेज ट्रान्स-ॲम नावाचा गट २५.५ टर्नच्या मोटारीवर आणि १९६०-७० च्या काळातल्या गाड्यांच्या बॉडी लावून पळतो, आणि त्यात मुरलेले चालक हौसेने उतरतात.

नियमांचं पान वर्षातून एकदाच उघडा, दिवाळीनंतर, सगळे हजर असताना. मधे बाजारात नवी मोटार आली, कुणाला ती स्वस्त मिळाली, कुणाच्या भावाने दुबईहून आणली, तरी दिवाळीपर्यंत ती घरी ठेवायची.